पासंग

वजनमापे खात्यात एकतीस वर्षं काढली.
तुर्भ्याच्या मार्केटात माझी जीप वळली
की गाळ्यागाळ्यांतले काटे आपोआप सरळ व्हायचे.
पारड्याखाली चिकटवलेली चिंच,
आतून पोखरलेलं किलोचं वजन,
बोटांना कळायचं डोळ्यांच्या आधी.

आता नेरूळच्या तळ्याभोवती चालतो.
डॉक्टर म्हणाल्या, रोज तीनशे जाळा.
किती जळल्या ते जावयाने दिलेलं घड्याळ सांगतं:
चार फेऱ्या, तीनशे बारा.
सोसायटीच्या जिममधला धावपट्टा
तेवढ्याच वेळाचे चारशे दहा देतो, उदार आहे.
दवाखान्यातला तक्ता म्हणतो दोनशे चाळीस.
तिघांच्यात एका जेवणाचा फरक,
आणि शिक्का एकावरही नाही.

नोकरीत असतो तर पंचनामा केला असता.
नव्हतो, म्हणून वही काढली.

पहिला दोष फिर्यादीचाच निघाला.
घड्याळाने वजन विचारलं तेव्हा
मी अठ्ठ्याहत्तर टाकलं होतं.
घरचा काटा चौऱ्याऐंशी दाखवत होता.
जन्मभर दुसऱ्यांचे काटे पकडले
आणि स्वतःचा मारला, तोही अंगठ्यानेच.
गंमत अशी की तोटा माझाच,
हलक्या माणसाचं चालून कमी जळतं.

दुसरा दोष, धडा केलेला नाही.
खुर्चीत बसून पेपर वाचला असता
तरी त्या तासात सत्तर-ऐंशी जळलेच असते,
तेही माझ्या नावावर जमा.
डब्यासकट तूप तोललेलं.
आणि मी खूश होऊन
संध्याकाळी एक करंजी जास्त खाल्लेली.

तिसऱ्यासाठी मार्केटात जावं लागलं.
हिंदुराव शेडगे, पाटणकडचा,
कांदा-बटाट्यात माथाडी.
माझी वीस-वीस किलोची प्रमाण वजनं
जीपमधून तोच उतरवायचा,
दोन्ही हातांत एकेक, घागरी आणाव्यात तशी.
त्याचं वय, उंची, वजन भरलं, या वेळी खरं.
पट्टा शेवटच्या भोकातही बसेना,
मग सुतळीने बांधला.

तासभर पाठीवर गोणी,
एकेक पन्नास किलोची,
ट्रकपासून गाळ्यापर्यंत, फळीवरून वर.
दोन्ही हात मानेमागे गोणीचे कान धरून.
मनगट हललंच नाही.
आणि घड्याळ तर मनगटाच्या साक्षीवर चालतं.

पावलं: साडेचारशे.
कॅलरी: शहाण्णव.
त्याच्या हनुवटीवरून घाम
काचेवर पडत होता, म्हणून आकडा पुसून वाचला.
तेवढ्यात ते थरथरलं,
अक्षरं उमटली: बराच वेळ बसून आहात,
उठा, थोडं चाला.

'काय म्हणतंय, साहेब?'
'म्हणतंय, दमलास. बस जरा.'

माझ्या नोंदीतलं हे दुसरं खोटं.
तो बसला, बिडी पेटवली,
म्हणाला, 'शहाणं हाय की यंत्र!'

घरी येताना पाम बीचला सिग्नल लागला
तेव्हा आठवलं, जुन्या तराजूत
दोन्ही पारडी रिकामी असतानाही
एक बाजू किंचित खाली असायची.
तिथे खडा बांधायचे, चिंधी बांधायचे.
पासंग लपवलेला असला तर गुन्हा.
माहीत असला तर नुसता पासंग,
तेवढं वजा करायचं आणि तोलायचं.

हल्ली वहीत असं लिहितो:
फेऱ्या चार. घाम कॉलरपर्यंत.
बोलता येत होतं, गाता आलं नसतं.
अंदाजे दोनशे, मागेपुढे पन्नास.

अंदाजे. हा शब्द कागदावर दिसला
की हाताखालच्या पोरांना मी अहवाल परत करायचो.

हिंदुरावचं पान केलंय वेगळं.
तारीख आहे, गोण्या आहेत चौतीस.
पुढच्या रकान्यात पेन्सिल टेकवून
दोनदा उचलली.
काल त्याचा फोन आला होता,
विचारत होता, त्या यंत्राला
पोराच्या मनगटावर बांधलं तर चालंल का,
बारावी झालाय, नुसता बसून असतो.