चौतीस सेकंद

रात्री दोन सतराला रेघ थरथरली.
आधी वाटलं, कळमन्याला निघालेला संत्र्यांचा ट्रक
चढावर गिअर बदलतोय.
पण ट्रक मला ओळखू येतो: तो फुगत येतो, विरघळत जातो.
उमरेडच्या खाणीतला सुरुंगही ओळखू येतो,
दुपारचा, वेळेचा पक्का, एकदाच खाकरणारा.
दीक्षाभूमीवर माणसं जमतात त्या दिवशी
कागदभर बारीक गुणगुण असते, लाखो पावलांची.
ती मी 'गोंगाट'च्या रकान्यात
कधी लिहिली नाही.

ही रेघ ताठ होती. अचानक.
खालून कोणी एकदाच दार ठोठवावं तशी.

बाबा अजनी यार्डात शंटर होते.
इंजिन मागून हलकेच रेटायचं
आणि टण्, टण्, टण्, बावन्न वाघिणींतून
धक्का पळत जायचा शेवटच्या टोकापर्यंत.
वाघीण वीतभर हलायची, पुन्हा जागेवर.
"पाय पोरी, डबा इथंच रायते. धक्का चालला जाते."
पहिली लहर मला तिथे कळली,
पुस्तकात ती फार नंतर भेटली.
दाबते, सोडते, दगडातून जाते, पाण्यातून जाते,
पृथ्वीच्या पोटातल्या वितळल्या लोखंडातूनसुद्धा.

दुसरी लहर आईची.
गच्चीवर सतरंजी झटकताना
तिच्या हातातून उठलेला उंचवटा
माझ्या टोकाशी येऊन चिमटीतून निसटायचा.
आडव्या हेलकाव्याची, उशिराची, जास्त जोराची.
तिला धरायला काहीतरी घट्ट लागतं.
पातळातून ती जात नाही.

मी घड्याळाकडे बघत बसले.
पहिली आली, दुसरी यायची आहे.
या मधल्या वेळात करण्यासारखं काही नसतं.
जिथे व्हायचं तिथे होऊन गेलेलं असतं,
फळीवरची भांडी पडून झालेली असतात,
माणसं अंगणात आलेली असतात,
किंवा नसतात,
आणि मी सेमिनरी हिल्सवर, पंख्याखाली,
सेकंद मोजते.

बत्तीस. तेहतीस.
चौतीस.

गुणिले आठ. दोनशे बहात्तर किलोमीटर.
कुठल्या दिशेला, ते आमच्या एकट्या सुईला कळत नाही.
कंपासचं टोक नागपुरात रोवलं,
पेन्सिल फिरवली.
सातपुडा ओलांडून, नर्मदेला दोनदा छेदून
ती रायपूरला घासून गेली.
रायपूरला सुमेधा राहते, तिसऱ्या मजल्यावर,
गॅलरीत तुळस आणि पोराची सायकल.
मी पेन्सिल उचलली. पुन्हा टेकवली.
वर्तुळ कोणापाशीच थांबत नाही.

जबलपूरला फोन लावला.
"हमारे उन्नीस," तिथला बिसेन म्हणाला, झोपेतून उठलेल्या आवाजात.
दोन वर्तुळं दोन जागी एकमेकांना कापतात,
म्हणून तिसऱ्याची वाट बघायची.
भोपाळ म्हणालं, पन्नास.
तिन्ही रेघा एका ठिपक्याशी भेटल्या:
मैकलचे डोंगर, सालाचं जंगल,
आमच्या नकाशावर तिथे गावाचं नाव नाही.

सुटकेचा श्वास घेतला
आणि लगेच लाज वाटली.
नाव छापलं नाही म्हणून
तिथे चूल नसते का?

सकाळी मानेवाड्याला पोचले, हातात तर्री-पोह्याचा पुडा.
बाबांचे दोन्ही कान वाघिणींनीच नेले,
त्यांना काही सांगायचं तर पाटीवर लिहावं लागतं.
मी खडू शोधत होते, तेवढ्यात तेच म्हणाले,
"रात्री कोणती मालगाडी गेली व माय? लय लांबची होती."

इथून रूळ कितीतरी दूर.

"दोनदा हाणलं तिनं," बाजेच्या माच्यावर तळवा ठेवत ते म्हणाले.
"आधी खालून. मंग बाजूनं.
मधात लय वेळ गेला.
मी वाट पाहून रायलो होतो."