उणंदुणं

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, मासळीच्या शीतगृहात,
जुनं यंत्र सांगायचं : उणे अठरा.
नव्या बोर्डावर तोच कोड चढवला, काना-मात्रा न बदलता,
आणि पडद्यावर आलं
दोनशे अडतीस.

हॅडॉक आपला गोठलेलाच.
खोक्यांवर बर्फाची पांढरी बुरशी तशीच,
रात्रपाळीचा नेव्हिल नखाने खरवडून दाखवत होता मला :
बघ, कुठे शिजलंय?
पण भोंग्याला कोण समजावणार.

हेडर फाइल उघडली. डेस्मंड स्केफ, सन त्र्याण्णव.
तापमान म्हणजे char, इतकंच लिहिलेलं.
कऱ्हाडच्या कॉलेजात मोकाशी सर त्याला 'कॅर' म्हणत,
आम्ही मागच्या बाकांवर 'चार'.
ज्याचा उच्चारही ठरलेला नाही
त्याच्या पोटात उणे मावतं की नाही
हेही भाषेने ठरवलं नाही, यंत्रावर सोडलं.
जुन्यात मावायचं. नव्यात नाही.

क्लीथॉर्प्सहून, झोपाळल्या आवाजात, स्केफ म्हणाले,
"तेव्हा आमच्याकडे एकच यंत्र होतं, पोरी.
दुसरं येईल असं कुणाच्या मनात?"
रागवायचं होतं मला. जमलं नाही.

कारण कंपायलरने सांगितलं होतं.
स्पष्ट, ओळीच्या क्रमांकासकट :
ही किंमत शून्याखाली कधीच जाणार नाही,
तुमची तुलना कायम खोटी.
आणि वरच्याच ओळीत कुणीतरी #pragma ठेवून
त्याच्या तोंडावर हात दाबलेला.
कुणी? इतिहास काढला.
शुक्रवार, संध्याकाळचे सहा दहा, दोनशे बारा इशारे,
फिलिपाला हवा होता स्वच्छ बिल्ड.
आद्याक्षरं माझी.

उणंदुणं काढतो मेला, म्हणाले होते मी तेव्हा.
उणं काढत नव्हता तो.
उणं हरवलंय म्हणत होता.

एक शब्द पुढे लावला, signed.
दाबलेला हात काढला, सगळ्यांना बोलू दिलं.
पिवळ्या ओळी सरकत राहिल्या,
बाहेर पहिला ट्रक मागे येताना पीप-पीप करत होता.

पडदा : उणे अठरा.
नेव्हिलने काचेपलीकडून अंगठा दाखवला.
क्षणभर दचकलेच.
मग आठवलं, इथे त्याचा अर्थ शाब्बास.

एकोणचाळिसाव्या ओळीबद्दल तो अजून काही म्हणतोय.
चहा आणते.
मग ऐकते.