पाठ निरीक्षण

ग्वाल्हेर, लष्कर. आठवी ब, पाचवा तास.
दुपार व्हायला आली तरी खिडकीत किल्ला नाही,
नुसतं धुकं.
मी शेवटच्या बाकावर, गुडघे मावत नाहीत.
वहीत रकाने आखून आणलेत:
हेतू, प्रस्तावना, फळ्याचा वापर, वर्गनियंत्रण.

फळ्यावर मागच्या तासाचं क्षेत्रफळ तसंच.
शितोळे मॅडम ते पुसत नाहीत.
मी लिहिलं: फळ्याचा वापर नाही.

पेटीच्या भात्याला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ.
मधली एक पट्टी मुकी.
तिथं आलं की तो सूर त्या स्वतः गातात,
गळक्या जागी बादली सरकवावी
इतक्या सवयीनं.

वर्गाशी हिंदी, रागावणंही हिंदीत.
मात्रा मात्र ओठातल्या ओठात मोजतात;
सहाव्या मात्रेला ओठ उघडे राहिले, 'सहा',
तेव्हा मला कळलं.

दीपेंद्र कुशवाह, तिसरी रांग.
दिवाळीपर्यंत सगळ्यांत उंच गाणारा म्हणे.
आज वरच्या 'सा'ला आवाज उभा चिरला.
वर्ग हसला.
तो कंपासपेटी उघडून आत पाहत बसला,
जणू तिथंच कुठं ठेवला होता.
मी लिहिलं: वर्गनियंत्रण सैल.

मॅडमनी हसणाऱ्यांकडे पाहिलंच नाही.
काळी चारवरचा हात
उतरत उतरत काळी एकवर नेला.
"आज सा यहाँ रहेगा।"
एवढंच.

मुकी पट्टी आता दुसऱ्याच सुराच्या वाट्याला आली.
अंकिता भदौरिया खाली उतरली
आणि तिच्या तोंडून फक्त वाफ निघाली.
कुणी हसलं नाही, सगळेच चाचपडत होते.
दीपेंद्रचा नवा आवाज, जाड, त्यालाच अनोळखी,
सीटवरून प्रथमच पाय जमिनीला टेकावेत
तसा टेकला.
कंपासपेटी केव्हा मिटली, मला दिसलं नाही.

घंटा झाली. पेटीला कुलूप घालता घालता
मराठीत विचारलं, "काय लिहिलंत?"
मी पानावर तळवा ठेवला.
"फळा पुसायला हवा होता, नाही?
पण चतुर्वेदी सरांचं गणित अर्धं राहिलंय."

मंगळवारी माझा पाठ आहे.
रात्री नया बाजारच्या खोलीत
मोबाईलच्या तानपुऱ्यावर काळी एक लावली.
खालच्या पंचमाला माझी नुसती हवा.
भिंतीपलीकडून कुणीतरी खोकलं.
पुन्हा लावली.