सातव्या होलपाशी

डोक्यावर फुकटची टोपी, हातात पाटी : शांतता.
एकोणतीस वर्षं कंडक्टर, वेंगुर्ला–सावंतवाडी,
‘पुढे सरका’ करून करून घसा गेला.
आता नुसता हात वर केला
की शंभर माणसं खोकला गिळतात.

खेळाडू वाकला.
तेवढ्यात कातळावर टिटवी पेटली.
तिची अंडी तिथेच, दोरीच्या आत;
सकाळी मीच भोवती चुना मारलेला,
कुणाला न विचारता.

त्याने माझ्याकडे पाहिलं.
मी पाटी टिटवीकडे वळवली, उगाच.
तो काठी टेकून थांबला.
सड्याखाली समुद्र चालूच होता,
त्याला कोण सांगणार?

संध्याकाळी तिठ्यावर बाबल्या रेडकर :
“काय देतत रे?”
“टोपी.”
“आणि?”
मी पाटी वर केली.