अर्धा मिनिट मागं

घाटंजीच्या पुढं, नाल्याच्या काठी
देवानंद लांजेवार
केसाएवढी काच जोडत बसला हाये.
काल रानडुकरायनं उकरली.

आमची मॅच तिच्यातूनच येते,
तुकड्या-तुकड्यानं.
तो म्हणते, एखादा तुकडा हरवला
तर परत मागत नाई, पुढं चालू.
म्हणून बॅट्समनचं तोंड
कधीमधी चौकोनी होते.

समोर उईकेच्या घरी अजून छत्रीच.
ते आधी बोंबलतात.
आमच्याकडं बॉलर पळूनच राह्यला.

सुगंधामाय म्हणते, "गेला बाप्पा!"
अन् तरी टीव्हीले डोळे लावून बसते.
तो ग्लोव्हज घट्ट करते,
बॅटनं पिच थापटते,
इकडं तिकडं पाह्यते.

त्याले कोणीच सांगतलं नाई.