कलता केक

ट्युनेच्या, म्हणजे आईच्या, वहीत प्रमाण नाही.
"मैदा, पुरेल तेवढा.
वेलदोडे, हात थांबेल तोवर."
लोण्याच्या डागाखाली
माझ्या गोवरातल्या तापाचे आकडे
आणि लाकूडवाल्याची उधारी.

इसाल्मीच्या त्या घराची जमीनच कलती;
गोटी सोडली की ओव्हनपाशी जाऊन थांबायची.
केकही एका अंगाला उतरता.
फुगीर बाजू बाबांना, कागद गिरणीतून आले की.
मधला भाग आमचा, भांडून.
बारीक, करपलेली कड आई घ्यायची.
"मला कुरकुरीतच आवडतं."
आम्ही ते खरं मानलं, चाळीस वर्षं.

टाम्पेरेतला माझा ओव्हन
तळ्यासारखा सपाट.
केक चहूकडून सारखा येतो.
आउलिस एक घास खातो, खिडकीतल्या बर्फाकडे बघतो,
"छान झालाय," म्हणतो,
शेजारणीला म्हणावं तसं.

काल मी भांड्याखाली
डावीकडे दोन चमचे सरकवले.
केक कलला.
आउलिस काही बोलला नाही,
दुसऱ्यांदा ताटली पुढे केली.
मी कड चावली.
कडू. नुसती कडू गं.

रात्री वहीत पहिलंच प्रमाण लिहिलं:
चमचे, दोन.