गज्जम दहा

चिलवेरी शेठनी दुकान नकाशावर टाकायला दिलं
पुण्याहून दोन दिवसांसाठी आलेल्या भाच्याकडे.
त्यानं जेवता जेवता टाचणी मारली.
चुकली.
चाटी गल्लीतलं आमचं टॉवेल-चादरीचं दुकान
जाऊन बसलं साखर पेठेत,
एका बंद कारखान्याच्या पत्र्याच्या दारात.

आम्हाला काहीच पत्ता नव्हता.

गिऱ्हाईक मात्र यायचं, घामेजून,
आणि काउंटरवर टेकून म्हणायचं,
"गज्जमनी पाठवलंय. दहा टक्के कमी करा म्हणाले."

कोण गज्जम?
शेठनी उधारीची वही चाळली. नाव नाही.
तिसऱ्या दिवशी मी स्कूटी काढली.

सोळा माग भंगारात गेलेले, राखण तेवढी उरलेली.
बॉबिनच्या खोक्यावर बसून गज्जम मोठ्यानं बोलत होते,
मागावर चाळीस वर्षं काढलेला माणूस
बोलतो तसं, समोरचा पलीकडच्या काठावर असल्यासारखं.
"एमि कावाले? चादर? इथं नाही ओ, चाटी गल्ली.
माझं नाव सांगा, दहा टक्के सोडतील."

मी विचारलं, दहा टक्के कुणाचे?
"तुमचेच की," म्हणाले, आणि हसले.
"लोक फोन बघत येतात. फोन म्हणतो, पोचलात.
आता पोचलेल्या माणसाला
रिकाम्या हातानं कसं परत पाठवायचं?"

शेठ आधी चिडले. मग हिशोब बघितला.
पेपरात टाकलेल्या पत्रकांनी आली तीन माणसं,
गज्जमनी धाडली त्रेचाळीस.
रात्रीच भाच्याला फोन: कूपन काढ.
ॲपनं विचारलं, शब्द कोणता, सूट किती,
शेवटची तारीख?
गज्जम. दहा. एकतीस मार्च. अटी लागू.

मग रत्नागिरीत, भंडाऱ्यात, कुठं कुठं
माणसं त्यांचं नाव टाइप करायला लागली
चौकोनी रकान्यात, टॉवेलच्या जोडीखाली.
नाशिकच्या एका बाईंचा मेसेज: गजम चालत नाहीये.
मी कळवलं: दोन जे टाका, ताई.

हे सगळं त्यांना दाखवायला गेले.
म्हणाले, माझं नाव शोध बघू त्याच्यात.
शोधलं. त्यानं उलट विचारलं,
तुम्हाला गजक म्हणायचं आहे का?
"नाही म्हण त्याला."
थोड्या वेळानं, "पण असतंय काय ते?"
तीळ, गूळ, दिल्लीकडचं, असं मी वाचून दाखवलं.
"भारी आहे की. त्याला पण सूट आहे का?"

मार्चच्या मध्यात भाचा परत आला
आणि टाचणी नीट करून गेला.
गिऱ्हाईक आता थेट येतं,
कोरड्या कपाळानं, कुणाचं नाव न घेता.

एप्रिलात एका दुपारी गज्जम स्वतः आले.
इस्त्रीचा शर्ट. नात लातूरला हॉस्टेलवर चालली होती.
हिरवी, कमळाच्या काठाची चादर निवडली,
काठ उलटा करून बोटानं तपासला, दोनदा,
आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले,
"गज्जम. दहा."

मी टाकलं.
लाल ओळ आली: हे कूपन आता वैध नाही.

मी हातानं बिल करते म्हटलं, जुनं बिलबुक ओढलं.
त्यांनी त्यावर तळवा ठेवला.
"तारीख गेली म्हणजे गेली.
मिल बंद झाली तेव्हा आम्ही काय घड्याळ धरून बसलो होतो?"
पूर्ण पैसे मोजले. सुटे सुद्धा.

शेठ आत शेंगाचटणी-भाकरी खात होते,
त्यांना यातलं काही माहीत नाही.

त्यांना हेही माहीत नाही
की दुकानाच्या खात्याचा पासवर्ड माझ्याकडे असतो,
आणि त्या रात्री मी
दोन बोटांनी नकाशा मोठा केला,
टाचणी उचलली,
आणि हळूच सरकवली साखर पेठेकडे.

सकाळी साडेअकराला पहिलं गिऱ्हाईक आलं,
रुमालानं मान पुसत.